पट्ट्यावरच्या पांढऱ्या खुणा

शनिवार, १२

सगळं क्रमानं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. कुठला बोल्ट कुठून निघाला हे मला आठवणार नाही, आणि एक जरी चुकला तरी बाबांची व्हॅन कायमची बसेल.

काल व्हॅनखाली पुठ्ठा पसरला होता. सकाळी त्यावर काळा डाग. बाबांनी वाकून त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"इंजिन ऑइल. पुढच्या अंगाचं. केवढा डाग आहे?"

"ताटलीएवढा."

"लहान ताटली की मोठी?"

समोर दिसत असताना हे कशाला विचारायचं? मी "मोठी" म्हणाले. खरं तर मध्यम होती.

एवढ्यात भिंतकाका आलेच. शेजारचे हे काका निवृत्त झाल्यापासून मधल्या भिंतीवर कोपरं टेकून आमचा संसार बघत असतात, म्हणून आईनं हे नाव ठेवलं आहे. तोंडावर म्हणत नाही. ते म्हणाले, "क्रँकचं सील गेलं. तेल टायमिंग बेल्टवर पडतंय. बेल्ट फुगणार, दात निसटणार, वॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. इंजिन भंगारात!" कुणाचं लग्न ठरल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं.

मला समजलं ते असं: इंजिनातून मुख्य दांडा जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी असते, ते सील. दांड्यावरचं खालचं चाक आणि इंजिनाच्या डोक्यावरचं वरचं चाक एका दातेरी पट्ट्यानं जोडलेलं असतं, तो टायमिंग बेल्ट. दोन्ही चाकं एकमेकांच्या तालात फिरली पाहिजेत. सील गळलं की पट्टा खराब होतो, म्हणून बदलायची दोन्ही.

बाबा ज्या शाळेची मुलं ने-आण करतात ती सोमवारी, २१ तारखेला उघडते. ऑफिसच्या बाईंनी आईला फोनवर स्पष्ट सांगितलं की त्या सकाळी व्हॅन मुलांच्या दारात नसेल तर हा मार्ग दुसऱ्याला देणार. घर या एका मार्गावर चालतं. माझं शेवटचं वर्षही. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबांच्या मते शिकलेल्या माणसाला सगळं वाचता येतं, एक्सरेसुद्धा.

गॅरेजचं नाव काढलं तर बाबा उसळले. मागच्या वेळी गॅरेजवाला त्यांना म्हणाला होता, "गाडीला काही झालेलं नाही हो, तुम्ही बाकीचं बघा." तेव्हापासून ते त्या रस्त्यानंही जात नाहीत. अपमान वाटला असणार.

"घरीच करू," बाबा म्हणाले. "मास्तरीणबाई दुरुस्तीची पुस्तिका वाचेल, मी पाने-पक्कड चालवीन."

मला घरात मास्तरीणबाई म्हणतात, कारण मी सगळ्यांच्या चुका काढते. माझा विषय वनस्पतिशास्त्र आहे हे कुणाला सांगू?

रविवार, १३

पाने मीच चालवले.

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, पाणी काढलं, रेडिएटर बाजूला ठेवला. मी वाचत होते आणि बाबा नुसते पाना पुढे करत होते. "तू कर. शिकशील." प्रत्येक बोल्टला तेच. बाबांबद्दल असं लिहू नये, पण खोटं लिहायचं नाही असंही ठरवलं आहे: मला राग आला. आयुष्यभर ही गाडी ज्यांनी हाकली त्यांनी स्टुलावर बसायचं आणि मी कोपरापर्यंत काळं व्हायचं? हल्ली सगळंच माझ्यावर. पेपर वाचून दाखव, फोनवर कुणाचं नाव आलं ते सांग. म्हणे शिकवलंय कशाला!

दांड्याचा मुख्य बोल्ट हलेना. गिअर टाकून बाबा ब्रेकवर उभे राहिले, पान्याला लांब पाईप जोडला, आणि पाईपला आई आणि मी लटकलो. भिंतकाका भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, सगळं वजन टाका, तुमच्याकडे कमी नाही."

आई पाईप न सोडता म्हणाली, "भाऊजी, पाईप आखूड पडतोय. तुमची जीभ द्या जोडायला."

बाबा गाडीत इतके हसले की ब्रेक सुटला. दुसऱ्या झटक्याला बोल्ट कडाडला. मला वाटलं दांडाच तुटला. पण सुटला होता.

आतला पट्टा तेलानं मऊ झाला होता, नखानं दाबला तर खड्डा राहत होता. काढण्याआधी मी माझ्या वह्यांतल्या चुका झाकायच्या पांढऱ्या खोडशाईनं खुणा घातल्या. वरच्या चाकावर एक, तिच्यासमोर पट्ट्यावर एक, खालीही तसंच. आता नव्या पट्ट्यावर त्या उतरवून घेतल्या की चाकं होती तशीच बसतील. नुसता विचार करून सुचलं, पुस्तिकेत नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं की होईल.

मंगळवार, १५

संपलं सगळं.

सकाळी बसनं सुट्या भागांच्या दुकानात गेले. पट्टा आणि सील दोन्ही मिळालं. जुनं ताडून पाहिलं, दुकानदार हसला तरी दात मोजले. जुन्याच्या खुणा नव्या पट्ट्यावर उतरवून घेतल्या आणि जुना तिथेच टाकून आले. आल्यावर बघते तर बाबा पेट्रोलचं फडकं घेऊन बसलेले आणि इंजिनाची पुढची बाजू नव्या भांड्यासारखी चकचकीत. दोन्ही चाकं साफ. पांढरा ठिपकासुद्धा नाही.

"खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"पांढऱ्या! मी घातलेल्या! तुमच्या समोर घातल्या होत्या, बाबा!"

ते फडकं हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "काहीतरी खरखरीत लागलं हाताला. मला वाटलं, माती."

"पांढरी माती? आणि चाकं? चाकं फिरवलीत?"

"थोडी. मागचा कचरा निघावा म्हणून."

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज इतका चढला की भिंतकाकासुद्धा भिंतीवरून उतरले. मी म्हणाले की माझ्या कामाकडे यांचं लक्षच नव्हतं, डोळे मिटून बसतात आणि वर... आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"ओरडू नकोस त्यांच्यावर. त्यांना कुठे..." आणि थांबली.

"कुठे काय?"

"कुठे कळणार तुझं शास्त्र," आई म्हणाली आणि गॅसकडे वळली. गॅस बंद होता.

आता कुठलं चाक कुठे थांबवायचं हे सांगणारं काहीच नाही. अंदाजानं बसवलं आणि चुकलं, तर चावी फिरवताच वॉल्व्ह वाकतील. बाबा तेव्हापासून व्हॅनच्या पायरीवर बसून आहेत. फडकं अजून हातातच.

बुधवार, १६

आज कशाला हात लावला नाही.

पुस्तिकेत कारखान्यानं घातलेल्या खुणांचं चित्र आहे. माझी प्रत झेरॉक्सची, नेमकं तेच चित्र काळं ठिक्कर आलंय. मजकूर वाचता येतो: 'वरच्या चाकावरील ठिपका मागच्या आवरणावरील खाचेसमोर आणावा.' चाकावर मला ठिपका दिसत नाही. दिव्याच्या उजेडात ते ॲल्युमिनियम एवढं चमकतं की बघेल तिथे ठिपकेच.

ऑफिसच्या बाईंचा पुन्हा फोन. एक दुसरा व्हॅनवाला रोज चौकशी करतोय. आई म्हणाली, "हो हो, झालीच गाडी, नुसता पॉलिशचा हात मारतायत." आई इतकं सहज खोटं बोलते.

खरं तर या मार्गात आईचाच जीव जास्त अडकलेला. गेल्या वर्षापासून रोज बाबांच्या शेजारी बसून जाते. मुलांना उतरवायला बाई माणूस बरं, असं म्हणते, पण मला वाटतं तिला फिरायची हौस आहे. दारातून निघाल्यापासून तोंड बंद नाही. "अगं बाई, लाल लागला", "बघा तो स्कूटरवाला कसा घुसतोय डावीकडून", "आली बाई शाळा, फाटक उघडंच आहे". एरवी बाबांना बडबड खपत नाही. हिला मात्र एकदाही गप्प बस म्हणत नाहीत. संसाराला इतकी वर्षं झाली की माणूस मऊ होत असेल.

रात्री जेवताना बाबांनी पाण्याचा पेला सांडला. मी अजून रागात होते, पुसायला उठले नाही. हे लिहिलंच पाहिजे.

शुक्रवार, १८

काल सील बसवलं. जुनं उपटताना दांड्यावर ओरखडा पडला तर नवीनही जन्मभर गळेल, म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिंधी गुंडाळली आणि केस उपटावा तसं एका एका बाजूनं उचललं. घामानं चष्मा घसरत होता. नव्याच्या ओठाला तेल लावून ते पाईपच्या तुकड्यानं ठोकलं. सरळ बसलंय का हे बाबांनी कडेवरून बोट फिरवून सांगितलं. "डावीकडे केसभर वर आहे. हां. आता बस."

आज ठिपका. सकाळभर मी भिंग घेऊन शोधला. शेवटी पाना फेकला आणि म्हणाले, "मला नाही दिसत, बाबा. खरंच नाही दिसत."

बाबा स्टुलावरून उठले. "दिसत नाही म्हणून काय झालं," म्हणाले, आणि हात आत घातला. चेहरा वळवला भिंतीकडे. अंगठ्याचं नख चाकाच्या कडेवरून सावकाश, सावकाश. मी दिवा धरून उभी.

"इथे एक खाच आहे. कापलेली." नख पुढे गेलं. बराच वेळ. "आणि इथे खड्डा. मोहरी बसेल एवढा. तुझ्या पुस्तिकेत काय लिहिलंय, खाच की ठिपका?"

"चाकावर ठिपका. खाच मागच्या आवरणावर."

"मग चाकावरची ही खाच आपली नव्हे. हेच चाक दुसऱ्या कुठल्या गाडीलाही बसत असेल, तिची असेल. हा धर ठिपका."

मी त्यांच्या नखाच्या टोकाशी खोडशाई लावली. खालच्या चाकाचीही खूण त्यांनीच शोधली. एकदाही तिकडे पाहिलं नाही. जणू पाहिलं असतं तर चुकले असते! मी म्हणाले, "तुमच्या बोटांना डोळे आहेत." मला वाटलं खूश होतील. ते फक्त "हं" म्हणाले आणि हात पुसत बसले.

मंगळवारबद्दल माफी मागितली. म्हणाले, "तू काय खोटं बोललीस?" हे काय उत्तर झालं?

शनिवार, १९

पट्टा चढवला. पट्ट्याला ताण देणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग दोनदा उडाली, एकदा भिंतकाकांच्या कुंडीत गेली. कुंडीत कुठलं झाड आहे ते त्यांनाही माहीत नाही आणि मला विचारू लागले. मी वनस्पतिशास्त्राची आहे हे त्यांना आजच कळलं. "मग इथे काय करतेस?" म्हणाले. मी स्प्रिंग मागून घेतली.

चावी लावण्याआधी दांडा पान्यानं हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवायचा, अडला तर जोर करायचा नाही, असं लिहिलंय. दोन्ही फेरे पुरे झाले. खुणा पाहिल्या तर वरची एक दात पुढे. पट्टा उतरवला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेलाही एक दात. मी व्हॅनखाली आडवी पडून रडले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून बाही तोंडात धरून. वरून त्यांचा पाय दिसत होता. पाय म्हणाला, म्हणजे बाबा म्हणाले, "चढवताना लांब बाजू ताठ ठेव, ढील टेन्शनरकडे जाऊ दे."

तिसऱ्या खेपेला खुणा समोरासमोर. पुन्हा फिरवलं. समोरासमोर. आईला दाखवल्या. आईनं दोन्ही हात जोडले, इंजिनाला की मला, कळलं नाही.

रविवार, २०

गाडी सुरू झाली. एका चावीत. पुठ्ठा कोरडा.

इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आई आनंदानं रडत होती. बाबा म्हणाले, "चल मास्तरीणबाई, एक चक्कर मारू." ते स्टिअरिंगवर बसले, मी आईच्या जागेवर. गाडी फाटकाबाहेर काढली आणि ते थांबले. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर.

"बोल काहीतरी," म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. तुझी आई बोलते."

मी हसले. म्हणाले की मला आईसारखी बडबड येत नाही. त्यांनी गाडी पुढे घेतली. मी इंजिनाचा आवाज ऐकत होते, आपल्या हातच्या पट्ट्याचा, आणि इतकी सुखात होते की समोर बघतसुद्धा नव्हते. वळणावर दुपारचं ऊन तोंडावर आलं. पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडत होते. भर रस्त्यात, अगदी समोर. बाबांनी वेग कमी केला नाही. मला वाटलं करतील. आता करतील.

मी किंचाळले. ब्रेक लागला. गृहस्थांनी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर काठी आपटली आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बाबा म्हणाले, "कोण होतं?"

काय झालं, असं नाही विचारलं. कोण होतं.

पुठ्ठ्यावरचा डाग. पांढऱ्या खुणा. सांडलेला पेला. आईचं "लाल लागला". सगळं एकामागून एक आलं. मी बोलू लागले. "समोर मोकळं आहे. डावीकडे टेम्पो उभा आहे. आता पुढे गतिरोधक." घरापर्यंत बोलत राहिले. बाबा माझ्या शब्दांवर गाडी चालवत होते, अगदी सफाईनं, आणि मला त्या सफाईचीच भीती वाटली.

संध्याकाळी आईला मोरीपाशी गाठलं. "केव्हापासून?"

"डावा जाऊन वर्ष झालं. उजव्यानं दिसतं अजून. धुरकट."

"दवाखाना?"

"दाखवलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले. राहिलेलं टिकवायला थेंब घालतात ते." तिनं नळ मोठा सोडला. "तुझं शेवटचं वर्ष आहे. तेवढं होऊ दे, मग ते आपणहून सोडणारेत. मी असते ना शेजारी. वर्षभरात मुलांना साधं खरचटलंय का? सांग की."

"आई, आज मी शेजारी होते."

"तुला सवय नाही."

"आणि तुला शिंक आली तर?"

ती भांडी घासत राहिली. तेच ताट, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "मार्ग गेला तर तू घरी बसशील. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही गं. तुझ्या पायात मी खोडा घालू?"

एवढी शिकले. ही गाडी मी उभी केली. माझ्या हातांनी, चुका दुरुस्त करकरून, इतकी चोख की उद्या ती पहिल्या चावीत सुरू होईल आणि पहिल्या दारात एक मूल दप्तर घेऊन उभं असेल.

बाबांच्या तोंडावर सांगणं मला जमणार नाही. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

सोमवार, २१

उजाडायच्या सुमाराला व्हॅनची सीट उचलली.

काय करायचं ते झोपेतसुद्धा आलं असतं. रेडिएटर काढला, मुख्य बोल्ट मी या खेपेला फार घट्ट केलाच नव्हता. का केला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवरण काढलं. टेन्शनरच्या बोल्टवर पाना लावला आणि पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

बाबा बसले होते. कपडे घालून, भांग पाडून, मार्गावर निघायच्या तयारीत. दाढी एका गालावर राहून गेलेली.

मी पाना धरून तशीच. ते काही विचारतील म्हणून मी थांबले. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे. घरात आईचा फोन वाजू लागला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजू लागला.

"तो टेन्शनरचा आहे," बाबा म्हणाले. "आवाजावरून कळतंय. सगळा काढू नकोस, नुसता सैल कर. स्प्रिंगवर बोट ठेव, नाहीतर परत भिंतकाकाच्या कुंडीत जाईल."

मी स्प्रिंगवर बोट ठेवलं. बोल्ट सैल केला.

आई दारात आली. फोन हातात, वाजतच. तिनं सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "अहो, पहिल्या घरचा आहे. काय सांगू?"

बाबांनी दाढी राहिलेल्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सांग, गाडी येणार नाही. दुसरी बघा म्हणावं. आजच्यापुरतं नव्हे, कायमचं."

आईनं फोन कानाला लावला. या खेपेला तिला खोटं बोलता आलं नाही. "गाडी येणार नाही," एवढंच म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

मी पट्टा चाकावरून सरकवायला बोटं घातली. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं.

"थांब," बाबा म्हणाले. "खुणा घातल्यास?"

"नाही."

"आधी खुणा घाल. पट्टा नवा आहे. ज्याला गाडी विकू त्याला चढवायला लागेल."

मी खोडशाईची बाटली आणली. ती हलवली, टोपण काढलं.

"ठळक घाल," ते म्हणाले. "या खेपेला पुसणार नाही."